मळमळ विचारावी लागते

कुंदा सिस्टर गेल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं, आणि तेही औषधांच्या खिडकीत. एक बाई चिठ्ठी आत सरकवत म्हणाली, "त्या मोहन्याच्या सिस्टर होत्या ना तुमच्याकडे, त्या वारल्या बरं का. झोपेतच गेल्या म्हणे." मी चिठ्ठी वाचली, औषधं काढली, पिशवीत भरली, कुठली कधी घ्यायची ते सांगितलं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की एका गोळीबद्दल आपण दोनदा सांगितलं आणि दुसरीबद्दल सांगितलंच नाही. तसाच उठून तिच्यामागे पार्किंगपर्यंत धावत गेलो.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मी फार्मासिस्ट आहे. तिसऱ्या मजल्यावर केमोचा वॉर्ड आहे. पेशंट सकाळी येतात, खुर्चीत बसून सलाइनमधून औषध घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. डोंबिवली, कल्याण, आंबिवली, टिटवाळा, कुठून कुठून येतात. खरा त्रास सुरू होतो घरी गेल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशी मळमळ उठते की पाण्याचा घोटसुद्धा नको होतो. कॅन्सरला न घाबरणारी माणसं या मळमळीला घाबरून केमो अर्धवट सोडतात. हे मी पाहिलंय.

आमच्या डॉक्टर सबनीसांनी याच त्रासावरच्या दोन औषधांची तुलना करणारा अभ्यास हाती घेतलेला. एक नवं आणि महाग, ॲप्रेपिटंट. दुसरं ओलान्झापिन, जुनी स्वस्त गोळी. मळमळीवर चांगली म्हणतात, पण झोप आणते. नेहमीचं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळायचं, त्याच्या जोडीला या दोनपैकी एक. दोन्ही औषधं एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या कॅप्सूलमध्ये भरलेली. कुणाला कुठलं मिळतंय हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, सिस्टरला नाही. ती यादी फक्त माझ्या कुलपात. आणि केमोनंतर पाच दिवस रोज प्रत्येक पेशंटला फोन करून, किती उलट्या झाल्या, मळमळ किती झाली, हे लिहून घ्यायचं काम कुंदा सिस्टरांचं. त्यासाठीच त्यांना कंत्राटावर घेतलं होतं.

वय पन्नासच्या पुढे. बुटक्या, रुंद खांद्यांच्या. वडील साताऱ्याकडून आंबिवलीजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात कामाला आलेले, त्यामुळे सगळं आयुष्य मोहन्यात. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. घड्याळ उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला तोंड करून. आणि नाक. मी त्यांच्यासारखं नाक दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वॉर्डच्या दारातून परत पाठवलं. "डिओ मारून आलायस. जा, शर्ट बदलून ये."

"सिस्टर, हलकासाच आहे."

"तुला हलका. खुर्चीतल्या माणसाला तो घशात बोट घातल्यासारखा वाटतो."

मोगऱ्याचे गजरे घालून आलेल्या सुना, अगरबत्तीचा वास अंगाला घेऊन आलेले काका, सगळे दाराबाहेर. त्या स्वतः बिनवासाचा साबण वापरायच्या आणि डबा खायला दोन मजले वर गच्चीच्या जिन्यात जायच्या. एकदा त्यांनी खुद्द सबनीसांना थांबवलं. सबनीस हुशार माणूस, स्वभावाने वाईट नव्हे, पण सिस्टरने अडवावं याची सवय नसलेले. "सर, आज दाढीनंतर काहीतरी लावलंय तुम्ही," सिस्टर म्हणाल्या, "तीन नंबरच्या आजी तुम्ही गेल्यावर ओकतात. दोनदा झालंय. लिहून ठेवलंय मी." सबनीसांनी काही क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि ते तोंड धुवायला गेले. त्यानंतर दोघांत एक ताण राहिला तो राहिलाच. एकमेकांबद्दल आदर होता, पण बोलताना दोघंही पाय रोवून उभे असल्यासारखे.

फोनची वेळ अकराची. खुर्ची असली तरी त्या बसायच्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि डोळे मिटायच्या. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या चोवीस तासांत उलटी झाली का, किती वेळा, मळमळ किती, शून्य ते दहा. कुंदा सिस्टर तो प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायच्या. सुरुवात अशी: "सकाळपासून काय काय झालं, सांगा. उठलात किती वाजता? दात घासताना काय झालं? शेजारी फोडणी दिली तेव्हा खिडकी लावलीत का? का लावलीत?" एकेका फोनला वीस मिनिटं.

मी एकदा म्हटलं, "सिस्टर, सरळ विचारा ना, मळमळ होते का."

"सरळ विचारलं की माणसं 'बरं आहे' म्हणतात. 'बरं आहे' हे उत्तर नाही रे अमोल, तो नमस्कार आहे." मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच: "उलटी दिसते. बादलीत दिसते, चादरीवर दिसते. मळमळ विचारावी लागते."

आंबिवलीचे भोईर आजोबा अभ्यासात आले, तेव्हा त्यांचा मुलगा जयेश सोबत होता. जयेशची स्वतःची रिक्षा. तापट, पण बापावर जीव. संमतीच्या कागदावर दोन्ही औषधांची नावं होती, सिस्टरांनी ती वाचून, समजावून सह्या घेतल्या होत्या. पहिली केमो झाली आणि तिसऱ्या दिवशी जयेश एकटाच तरातरा वॉर्डात आला. हातात मोबाइल.

"ओ सिस्टर, ही ओलान्झा का काय ती वेड्यांची गोळी हाय! हितं लिवलंय. माझ्या बापाला कॅन्सर झालाय, तो वेडा नाय झालेला!"

खुर्च्यांमधली माणसं मान वर करून बघायला लागली. एका बाईने आपल्या हातातली सुई धरली. जयेशचा आवाज चढतच गेला, तुम्ही गरिबांवर प्रयोग करता, मी पेपरात देतो, मी पोलिसात जातो. वॉचमन दारात आला. सिस्टरांनी त्याला मानेनेच थांबवलं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या.

जयेश थबकला. त्याला हे अपेक्षित नव्हतं.

"ती गोळी त्या आजारालाही देतात. मी तुला हे सहीच्या वेळीच सांगायला हवं होतं. झोपेचं सांगितलं, हे राहिलं. चूक माझी." त्यांनी एक स्टूल ओढलं. "आता बस आणि बाकीचं ऐक. मळमळीवर तीच गोळी कमी मात्रेत, चारच रात्री देतात. तुझ्या वडिलांना ती मिळतेय की दुसरी, मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाय? मग कोणाला माहितीय?"

"फार्मसीत माहीत आहे. मी विचारणार नाही, कारण मला कळलं की मी तुझ्या बापाकडे त्या नजरेने बघायला लागेन. तुला नको असेल तर आत्ता नाव काढते. उपचार काही थांबणार नाही, नेहमीची औषधं मिळतील. सही परत घेता येते, ते कागदावरच लिहिलंय."

जयेश बसला नाही. पण गेलाही नाही. शेवटी म्हणाला, "बाबांना इचारतो." दुसऱ्या दिवशी भोईर आजोबांचाच फोन आला. केमोनंतर चौथ्याच दिवशी त्यांना भात गेला होता. त्यांना पुढे चालू ठेवायचं होतं. जयेशने मात्र मनातून सोडलं नव्हतं, हे नंतर कळलं.

नंतर म्हणजे तिसऱ्या केमोनंतर, चौथ्या दिवशी. अकराच्या फोनला जयेशने 'बाबा झोपलेत' एवढंच सांगून ठेवून दिला होता, आता दुपारचे अडीच वाजले होते. मी खिडकीत होतो, सबनीसांचा फोन आला. आवाज कोरडा. "भोईर. आंबिवली. मुलगा म्हणतो बाप उठत नाहीये. सकाळपासून झोपलाय, आता हलवूनही उठत नाही. झोपेच्या गोळीचा परिणाम असणार. यादी उघडून मला सांग, मी वाटेत आहे."

नियमात ते बसत होतं. पेशंटच्या जिवाचा प्रश्न असेल तर डॉक्टर यादी उघडायला सांगू शकतात. मी कुलूप उघडलं आणि भोईरांचा नंबर शोधला. भोईर आजोबांना झोपेची गोळी मिळतच नव्हती. त्यांच्या कॅप्सूलमध्ये दुसरं, नवं औषध होतं. मग हा माणूस झोपलाय कशाने?

मी सबनीसांना फोन लावला, लागेना. जिन्याने वर धावलो. वॉर्डच्या कोपऱ्यात कुंदा सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. कानाला फोन, पलीकडे जयेश इतका ओरडत होता की मला दारातून ऐकू येत होतं. "तुमच्या त्या वेड्याच्या गोळीने मारलात माझ्या बापाला!"

"जयेश, ओरड नंतर. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. आता सांग, काल रात्री बाबा काय जेवले?"

"कायच नाय! काल दुपारपासून कायच नाय जेवले!"

"आणि मधुमेहाची गोळी?"

पलीकडून हळू आवाजात, "ती दिली. ती रोज देतोच. सकाली दिली."

मी पुढे झालो. "सिस्टर, यादी उघडलीय..."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तळहात आडवा धरला. "डॉक्टरांना सांग. मला नको. तुझ्या तोंडावरून कळेल मला, भिंतीकडे बघ." आणि मी, तीस वर्षांचा माणूस, खरंच भिंतीकडे वळलो.

"जयेश, ही झोप नाही. ऐकतोयस? ही झोप नाही. साखर उतरलीय. अंगाला घाम आहे का? थंड आहे? शेजारी कुणाकडे साखर तपासायचं मशीन आहे? नसेल तर राहू दे, थांबू नकोस. बाबांना कुशीवर वळव. तोंडात पाणी ओतू नको, अजिबात नाही, गुदमरतील. बोटावर थोडी साखर घे, ओली कर आणि गालाच्या आतून चोळ. बायकोला चोळू दे. तू रिक्षा काढ. स्टेशनजवळ डॉक्टर आहे ना तुमचा? त्याला मी फोन करते, ग्लुकोज तयार ठेवायला सांगते. फोन चालूच ठेव. खिशात ठेव, पण चालू ठेव."

मग त्यांनी माझ्या खिशातला फोन काढून घेतला आणि फॉर्मवरच्या नंबरवर त्या डॉक्टरला लावला. एका कानाला एक, दुसऱ्या कानाला दुसरा. जयेशच्या फोनमधून रिक्षाची घरघर, हॉर्न, त्याच्या बायकोचं रडणं, "बाबा, ओ बाबा" अशी हाक. मग बराच वेळ नुसते आवाज. भांड्यासारखं काहीतरी पडलं. सिस्टरांच्या कपाळावरून घामाची एक धार कानामागे गेली, ती त्यांनी पुसली नाही. वॉर्डातल्या खुर्च्यांमधली माणसं सगळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी तशाच पांढऱ्या कॅप्सूल होत्या.

किती मिनिटं गेली ठाऊक नाही. जयेशचा आवाज आला. रडत होता. "डोले उघडले. सिस्टर, डोले उघडले. मला शिवी दिली त्यांनी. म्हणतात, सुई कशाला टोचली."

सिस्टरांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले. मला म्हणाल्या, "आता वळलास तरी चालेल." आणि फॉर्म ओढून लिहायला बसल्या.

तेव्हापासून मला त्यांच्यासमोर जरा अवघडल्यासारखं व्हायचं. त्या फोनवर चौकशी करत असताना कुणाला काय मिळतंय हे मला माहीत असायचं आणि त्यांना माहीत असायचं की मला माहीत आहे. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. फक्त एकदा अडचण आली, ती ठाकुर्लीच्या सावंतबाईंच्या वेळी.

सावंतबाई चाळिशीच्या. घरून डबे द्यायच्या, नोकरी करणाऱ्या एकट्या पोरांना. नवरा एका सोसायटीत सिक्युरिटीला. बाईंच्या डायरीतली अक्षरं मोत्यासारखी आणि सगळीकडे शून्य. दोन केमो झाल्या, दहा दिवस, दहाही दिवस शून्य. उलटी शून्य, मळमळ शून्य. फोनवरही हसून बोलायच्या. "बरं आहे सिस्टर, औषध छान लागू पडलंय."

सबनीस खूश होते. कुंदा सिस्टर ती डायरी पुन्हा पुन्हा उलटत बसायच्या. एका शनिवारी त्या खिडकीत आल्या. "तू डोंबिवलीला जातोस ना? आज ठाकुर्लीला उतरायचं माझ्याबरोबर. उरलेल्या कॅप्सूल मोजायला फार्मासिस्ट लागतो."

"सिस्टर, उरलेल्या कॅप्सूल तर शेवटच्या केमोला सगळ्यांकडून परत घ्यायच्याच आहेत की."

"तिसरी केमो परवा झालीय. फोनवर ती बोलत होती, मागे कढईचा आवाज होता. मी विचारलं, कोण स्वयंपाक करतंय, तर म्हणाली शेजारीण. शेजारणीच्या कढईशी ही एवढी धापा का टाकते?"

चाळीसारख्या जुन्या इमारतीत दुसरा मजला. दार उघडंच होतं. सावंतबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधलेली. गॅसवर मोठ्या पातेल्यात उसळ. पायाशी प्लॅस्टिकची बादली, वर झाकण. आम्हाला बघून त्यांनी पहिल्यांदा ती बादली पायाने ओट्याखाली ढकलली.

सिस्टर आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. मग बाईंचा हात हातात घेऊन मनगटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"कॅप्सूलची बाटली कुठंय?"

बाईंनी फळीवरच्या डब्यातून बाटली काढून दिली. मी ओतून मोजल्या. या वेळच्या तर होत्याच, आधीच्या दोन्ही वेळच्याही तशाच. अगदी पहिली एक सोडली तर एकही घेतलेली नव्हती.

आतल्या खोलीतून सावंत बाहेर आले, ड्युटी करून आडवे झालेले. बाटलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "तू तर म्हणालीस औषध लागू पडलंय."

बाई ओट्याला टेकल्या. आवाज शांत होता, म्हणूनच ऐकवत नव्हता. "पहिल्या रात्री पहिली घेऊन बघितली होती सिस्टर. सकाळी उठताच येईना. अंग नुसतं शिसं. चारला उठते मी, सात वाजता डबे खाली लागतात. त्या दिवशी डबे गेले नाहीत, दोन पोरं सोडून गेली. म्हटलं, ओकले तरी हात चालतात, झोपले तर सगळंच थांबतं."

मी कॅप्सूल परत बाटलीत भरल्या.

"आणि शून्य का लिहिलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्ही रोज किती आपुलकीने विचारता. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सिस्टर खाली फरशीवरच बसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना असं बसलेलं पाहिलं. बाई पुढे म्हणाल्या, "आता सांगूनच टाकते. पुढच्या केमोला मी येणार नव्हते. कुणाला काही सांगणार नव्हते, नुसती येणार नव्हते."

सावंत भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मग सिस्टर उठल्या. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. सावंतांना म्हणाल्या, "कणीक मळता येते?"

"नाही."

"शिकाल. पुढचे पाच दिवस डबे बंद, पोरांना आत्ता फोन करून खरं सांगायचं. काय झालंय ते नाव घेऊन. थांबतील ते थांबतील. आणि पुढच्या केमोपर्यंत तुम्हाला पोळी लाटता आली पाहिजे." मग बाईंकडे वळून, "तुम्ही चला. सलाइन लावायचंय. चालता येतं का बघू." दोन पावलांत बाईंचा तोल गेला. रिक्षात त्या सिस्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून पडल्या होत्या आणि सिस्टर अख्ख्या वाटेत रिक्षावाल्याला खड्ड्यांवरून बोलत होत्या.

बाईंना डोंबिवलीच्या एका दवाखान्यात दाखल करून आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर सिस्टर थांबल्या. "तुला माहीत आहे तिला काय मिळत होतं."

मी रस्त्याकडे बघायला लागलो.

"विचारत नाहीये. नुसतं म्हटलं." आणि चालायला लागल्या. जरा पुढे जाऊन म्हणाल्या, "तीस वर्षं नर्सिंग केलं. बाई मला बरं वाटावं म्हणून शून्य लिहिते, आणि मला दहा दिवस कळत नाही."

सोमवारी सबनीसांच्या केबिनमध्ये आवाज चढले. मी कॅप्सूलच्या मोजणीचा कागद घेऊन तिथेच उभा होतो.

"सिस्टर, साधी गोष्ट आहे. बाईने गोळी घेतलीच नाही. तिच्या शून्यांना अर्थ नाही. तिला अभ्यासातून काढू. कारण लिहा, पेशंटने सहकार्य केलं नाही."

"काढा सर. पण ते कारण मी लिहिणार नाही."

"मग काय लिहिणार?"

"गोळी घेतली की पहाटे चारला उठता येत नाही, म्हणून घेता आली नाही."

"हे वैद्यकीय कारण नाही."

"उलटी वैद्यकीय आहे ना? ती त्याचमुळे झाली. सर, आपण बघतोय कुठलं औषध चांगलं. कुणासाठी चांगलं? ज्याला सकाळी नऊपर्यंत झोपता येतं त्याच्यासाठी की हिच्यासाठी?" त्यांचा आवाज फाटला. "आणि सगळ्या शून्यवाल्यांना मी परत विचारणार आहे. पहिल्यापासून. घरी जाऊन."

"त्याला दोन महिने लागतील. अहवालाच्या तारखा उलटून जातील. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

सबनीस बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "विचारा."

त्यांनी विचारलं. टिटवाळा, कल्याण, कळवा, मुंब्रा. काहींची शून्यं खरी निघाली, त्याचा त्यांना मनापासून आनंद व्हायचा. काहींची नाही. सावंतबाईंना अभ्यासाबाहेर काढल्यावर सबनीसांनी तीच झोपेची गोळी उघडपणे, निम्म्या मात्रेत, रात्री झोपताना नाही तर संध्याकाळी सातला दिली. पहाटेचा जडपणा बराच कमी झाला. डब्यांची बहुतेक पोरं थांबली. सावंतांच्या पोळ्या म्हणे शेवटपर्यंत गोल झाल्या नाहीत, पण केमोच्या आठवड्यात डबे त्यांच्याच हातचे जायचे. बाईंनी सगळ्या केमो पुऱ्या केल्या.

अभ्यास संपला, यादी सगळ्यांसमोर उघडली गेली. उलट्या थांबवण्यात दोन्ही औषधं जवळपास सारखी होती. मळमळीत जुनी, स्वस्त गोळी उजवी ठरली, झोपेचा त्रासही तिचाच जास्त. आणि अहवालात सबनीसांनी स्वतः एक परिच्छेद घातला होता, ज्यांना पहाटे उठून काम करावं लागतं त्यांना ती गोळी पेलत नाही, मात्रा आणि वेळ बदलून बघावी. तो वाचताना त्यांनी कुंदा सिस्टरांकडे पाहिलं नाही. सिस्टरांनीही मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना भोईर आजोबांचं सांगितलं. झोपेची गोळी त्यांना कधीच मिळाली नव्हती.

"मग जयेशला फोन कर," त्या लगेच म्हणाल्या.

"आता? आजोबा ठणठणीत आहेत सिस्टर. कशाला?"

"तो अजून त्या गोळीला शिव्या घालत असेल. उद्या शेजारच्या कुणाला ती लिहून दिली तर हा नको म्हणून सांगेल. कर फोन."

अभ्यास संपला तसं त्यांचं कंत्राटही संपलं. दुसरीकडे सामावून घेऊ असं कुणीतरी म्हणालं होतं, ते झालं नाही. त्या तारखा उलटल्या म्हणून, की खरंच जागा नव्हती म्हणून, मला कधी कळलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या खिडकीपाशी आल्या. "येते," एवढंच म्हणाल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. ओळखपत्र खाली रिसेप्शनला जमा केलेलं. मी काहीतरी बोलायचं जुळवत होतो, तेवढ्यात त्या निघाल्यासुद्धा. माझ्या खिडकीतून हॉस्पिटलचं फाटक दिसतं. बाहेर रिक्षा थांबली होती. त्या रिक्षात एक पाय ठेवणार, तेवढ्यात आतून एक तरुण बाई धावत गेली, हातात गोळ्यांची पाकिटं, डोळे रडून सुजलेले. नवीन पेशंटची कुणीतरी असावी. तिला काय ठाऊक, की ही बाई आता इथली सिस्टर नाही. तिने पाकिटं पुढे केली आणि काहीतरी विचारलं.

कुंदा सिस्टरांनी पाय खाली घेतला. रिक्षावाल्याला काहीतरी म्हणाल्या, तो हात झटकत निघून गेला. मग त्यांनी पिशवी फाटकाजवळच्या उताराच्या कठड्यावर ठेवली, स्वतः बसल्या, तिला शेजारी बसवलं. एकेक पाकीट उन्हात धरून बघायला लागल्या. ती मुलगी बोलत होती, बराच वेळ, हातवारे करत. वॉचमन त्यांच्याकडे गेला. तिथे बसायची परवानगी नाही, ॲम्ब्युलन्सची वाट आहे, असं काहीतरी सांगत असावा. सिस्टरांनी वर पाहिलंच नाही. नुसता हात वर केला, थांब म्हणून, आणि त्या ऐकत राहिल्या.